ऊन चाळून पाहताना: अतिनील किरणांचा रोपांवरील परिणाम आपल्या शिवारात कसा तपासावा

माळावरच्या मिरचीची पाने आखूड आणि जाड का होतात, आणि त्याच वाणाचे रोप घरात काचेच्या खिडकीशी ठेवले की ते उंच आणि किडकिडीत का वाढते, असे विचारले तर बहुतेक जण 'उन्हाचा फरक' एवढेच सांगून मोकळे होतात. हे उत्तर चुकीचे नाही, पण अपुरे आहे, कारण ऊन ही एक वस्तू नव्हे. त्यात डोळ्यांना दिसणारा प्रकाश असतो, अंगाला जाणवणारी उष्णता असते, आणि डोळ्यांना न दिसणारे व अंगाला लगेच न जाणवणारे अतिनील किरणही असतात. पिठातला कोंडा चाळणीने वेगळा करावा तसे हे किरण उन्हातून वेगळे काढून रोपाची वाढ पाहता येते, आणि त्यासाठी प्रयोगशाळा लागत नाही. बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या भागांतील शिक्षक, विद्यार्थी आणि रोपवाटिका चालवणारे शेतकरी यांना हा प्रयोग आपल्या अंगणात किंवा शाळेच्या आवारात करता यावा, यासाठी हे लिहीत आहे.

जुन्या मराठी ग्रंथांत या किरणांना 'जंबुपार' असे नाव आढळते, आणि आमच्या भागातील कन्नड माध्यमाची मुले त्यांना 'नेरळातीत' म्हणतात. कन्नडमध्ये नेरळे म्हणजे जांभूळ. म्हणजे दोन्ही भाषांना एकच फळ आठवले. मला हे जुने नाव अधिक नेमके वाटते, कारण वर्णपटात निळ्याच्या पुढे जांभळा येतो आणि हे किरण त्या जांभळ्याच्याही पलीकडचे असतात. परंतु पाठ्यपुस्तकात रुळलेला शब्द सोडून चालत नाही, म्हणून पुढे अतिनील हाच शब्द वापरला आहे. १८०१ मध्ये योहान विल्हेल्म रिटर या जर्मन शास्त्रज्ञाने वर्णपटातील जांभळ्या पट्ट्याच्या पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते तिथे, सिल्व्हर क्लोराइड अधिक वेगाने काळे पडते असे पाहिले आणि त्यावरून हे किरण उजेडात आले.

तरंगलांबीनुसार त्यांचे तीन भाग करतात. ३१५ ते ४०० नॅनोमीटरचे ते 'अ', २८० ते ३१५ नॅनोमीटरचे ते 'ब' आणि त्याहून आखूड ते 'क'. 'क' किरण वातावरणातच अडतात आणि जमिनीपर्यंत येत नाहीत. 'ब' पैकी बहुतांश ओझोनचा थर शोषून घेतो. जमिनीवर पोहोचणाऱ्या अतिनील किरणांत सुमारे ९५ टक्के वाटा 'अ' चा असतो, पण उरलेला थोडासा 'ब' हाच वनस्पतींच्या दृष्टीने अधिक प्रभावी ठरतो, कारण पेशीतील डीएनए हे किरण थेट शोषतो आणि त्याच्या साखळीतील शेजारशेजारचे दुवे एकमेकांना चिकटून बसतात.

संशोधनातून आपण काय घ्यायचे

१९८५ मध्ये अंटार्क्टिकावरील ओझोनचे छिद्र जगासमोर आले आणि १९८७ मध्ये ओझोनला मारक रसायने रोखण्यासाठी माँट्रियल करार झाला. त्याच्या आधीपासूनच शास्त्रज्ञांना एक काळजी लागली होती: ओझोन विरळ झाला आणि 'ब' किरण वाढले तर पिकांचे काय होईल? त्या काळातील कित्येक प्रयोग बंद खोलीत, दिव्यांच्या उजेडात झाले आणि त्यांत रोपांचे नुकसान फार मोठे दिसले. पुढे उघड्या शेतात प्रयोग झाले तेव्हा तेवढे नुकसान दिसेना. कारण उद्बोधक आहे. चिकटलेले डीएनएचे दुवे सोडवणारे फोटोलायेज नावाचे विकर (एन्झाइम) वनस्पतींकडे असते, आणि त्याला काम करण्यासाठी निळा प्रकाश व 'अ' किरण लागतात. बंद खोलीत 'ब' किरण भरपूर होते पण हा दुरुस्तीचा उजेड कमी होता. म्हणजे इजा पूर्ण आणि औषध अर्धे. प्रयोगाची मांडणी चुकली की निसर्गाबद्दलचे अनुमानही चुकते, याचे इतके स्पष्ट उदाहरण मला दुसरे माहीत नाही.

शेतातील प्रयोगांनी आणखी एक गोष्ट दाखवली. अमेरिकेत मेरिलँड येथे अॅलन तेरामुरा आणि सहकाऱ्यांनी सोयाबीनच्या दोन वाणांवर काही वर्षे सलग काम केले. वाढीव 'ब' किरणांखाली 'एसेक्स' वाणाचे उत्पादन घटले, 'विल्यम्स' वाणाचे मात्र तसे घटले नाही. जपानमध्ये भाताच्या 'नोरिन १' आणि 'ससानिशिकी' या वाणांत असाच फरक आढळला, आणि नाजूक ठरलेल्या 'नोरिन १' मधील फोटोलायेज कमी कार्यक्षम आहे इथपर्यंत त्याचा माग लागला. खानापूरकडचा भात आणि बैलहोंगलकडचे सोयाबीन पिकवणाऱ्यांनी यातून एवढे घ्यावे की 'सोयाबीनवर अमुक परिणाम होतो' असे सरसकट विधान करता येत नाही. वाणाचे नाव घेतल्याशिवाय ते अर्धवट राहते.

२०११ मध्ये या विषयाला नवे वळण मिळाले. मोहरीच्या कुळातील अॅराबिडॉप्सिस या लहानशा वनस्पतीत यूव्हीआर८ नावाचे प्रथिन 'ब' किरण ओळखणारा ग्राहक (रिसेप्टर) आहे, हे सिद्ध झाले. हे प्रथिन एरवी जोडीने असते; 'ब' किरण पडले की त्यातील ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल ते टिपते, जोडी सुटते आणि सुटलेले एकेक प्रथिन पेशीला पुढचे आदेश द्यायला लावते. त्या आदेशांनुसार पानाच्या वरच्या थरात फ्लॅव्होनॉइड द्रव्ये साठतात आणि ती 'ब' किरणांना आतल्या पेशींपर्यंत जाऊ देत नाहीत. खोड आखूड राहते, पान जाड होते. म्हणजे रोप केवळ मार खात नाही. ते किरण ओळखते आणि स्वतःची ढाल तयार करते.

आपल्याला उपयोगी पडेल अशी पद्धत मात्र दिवे लावून किरण वाढवण्याची नसून उन्हातील किरण वगळण्याची आहे. इंदूरच्या देवी अहिल्या विश्वविद्यालयात के. एन. गुरुप्रसाद आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सोयाबीन, गहू आणि कापूस यांवर याच पद्धतीने काम केले. विशिष्ट फिल्मखाली पीक वाढवून उन्हातील अतिनील किरण अडवले, तेव्हा पानांचे क्षेत्रफळ, उंची आणि एकूण वजन वाढले आणि किरण शोषणारी द्रव्ये कमी झाली. आपल्या उष्ण कटिबंधातील उन्हात आजच जेवढे अतिनील आहे त्याचा हिशोब पीक रोज चुकवत असते, असा त्याचा अर्थ होतो. या प्रयोगाला महागडे उपकरण लागत नाही. योग्य फिल्म, चौकटी आणि चिकाटी लागते.

एक चूक, जी मी केली आहे

पहिल्या वर्षी आम्ही मुगाची एक ओळ जुन्या खिडक्यांच्या काचांखाली ठेवली आणि दुसरी उघड्यावर. काचेखालची रोपे तरारून वाढली, मुले आनंदली, आणि आम्ही 'अतिनील किरणांनी वाढ खुंटते' असा तक्ता रंगवून विज्ञान प्रदर्शनात मांडला. तिथे आलेल्या एका शेतकी पदवीधर परीक्षकांनी एकच प्रश्न विचारला: काचेखालची माती किती वेळ ओली राहत होती? आम्ही पाहिलेच नव्हते. काचेखाली वारा लागत नव्हता, ओल टिकत होती, रात्री ऊब राहत होती, दव पडत नव्हते आणि चिमण्या कोवळे कोंब खुडत नव्हत्या; एवढ्या गोष्टी बदलल्यावर श्रेय एकट्या किरणांना देणे हा अन्याय होता.

म्हणून या प्रयोगाचा कणा एवढाच समजावा: झाकलेल्या रोपाची तुलना उघड्या रोपाशी करायची नाही. दोन्हीकडे आच्छादन हवे, आणि दोन्ही आच्छादनांत फरक एकच हवा. एकातून अतिनील किरण जावेत, दुसऱ्यातून जाऊ नयेत. उघडी ओळ ठेवायची असेल तर ती माहितीसाठी ठेवावी, निष्कर्षासाठी नव्हे.

वेळ आणि जागा

बेळगाव शहर सुमारे १५.८५ अंश उत्तर अक्षांशावर आणि समुद्रसपाटीपासून साधारण ७५० मीटर उंचीवर आहे. उष्ण कटिबंधात ओझोनचा थर मुळातच पातळ असतो, सूर्य डोक्यावर येतो, आणि उंची वाढली की किरणही वाढतात. दर हजार मीटरला सुमारे १० ते १२ टक्के असे प्रमाण सांगितले जाते. आपल्याकडे मेच्या पहिल्या आठवड्यात आणि ऑगस्टच्या दुसऱ्या आठवड्यात सूर्य माध्यान्ही बरोबर डोक्यावर असतो आणि उभ्या काठीची सावली पायाशी नाहीशी होते. ऑगस्टमधला हा दिवस बहुधा ढगांत हरवतो, मेमधला मात्र मुलांना आवर्जून दाखवावा.

आपले माध्यान्ह घड्याळातल्या बाराला होत नाही. भारताची प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरून ठरते आणि आपण त्याच्या ८ अंश पश्चिमेला आहोत, म्हणून सूर्य सरासरी ३२ मिनिटे उशिरा माथ्यावर येतो. नोव्हेंबरच्या सुरुवातीला हे साधारण सव्वाबाराला घडते, तर फेब्रुवारीच्या मध्यास पाऊण वाजतो. नोंदी घेताना 'दुपारी बारा' असे न लिहिता काठीची सावली सर्वांत आखूड होण्याची वेळ धरावी. सावलीचा आणखी एक उपयोग आहे: आपली सावली आपल्या उंचीपेक्षा आखूड असेल तर सूर्य ४५ अंशांच्या वर आहे आणि अतिनील किरण तीव्र आहेत असे समजावे. आपल्याकडे ऐन डिसेंबरातही माध्यान्ही सूर्य ५० अंशांच्या वर असतो, त्यामुळे थंडीच्या दिवसांत हे किरण नसतातच असे मानणे बरोबर नाही.

प्रयोगासाठी मी फेब्रुवारीचा पहिला आठवडा सुचवतो. पावसाळ्यात ढग, चिखल आणि बुरशी यांमुळे काहीच नीट कळत नाही. डिसेंबरात रात्री गार असल्याने मूग रेंगाळतो. एप्रिल उजाडला की वळीव आणि गारा यांचा नेम नसतो आणि एका वादळात सगळ्या चौकटी पलीकडच्या शिवारात जाऊन पडतात. फेब्रुवारीत पेरले तर मार्चच्या मध्यापर्यंत पाच-सहा आठवड्यांची स्वच्छ उन्हे मिळतात. अथणीकडच्या कोरड्या भागात हे थोडे मागेपुढे चालेल. खानापूर आणि जांबोटीकडे झाडांची सावली व सकाळचे धुके पाहून जागा निवडावी.

जागा अशी असावी की सकाळी नऊपासून चारपर्यंत तिच्यावर कशाचीही सावली येणार नाही, आणि भोवतीचे आकाशही मोकळे असेल. स्वच्छ हवेतही 'ब' किरणांचा जवळजवळ निम्मा भाग सूर्याकडून थेट न येता निळ्या आकाशातून विखरून येतो. झाडाच्या सावलीत बसलेल्या माणसालाही तो लागतो, आणि छप्पर झाकून बाजू उघड्या ठेवलेल्या चौकटीत तो बाजूंनी शिरतो.

आच्छादनाची निवड

कामाचा गाभा इथेच आहे, म्हणून थोडे सविस्तर सांगतो. 'ब' किरण जाऊ देणारे स्वस्त आच्छादन म्हणजे साधे, पातळ, पारदर्शक पॉलिथिन. ते पॅकिंगच्या सामानाच्या दुकानात मिळते; मात्र पॉलिहाऊससाठी विकले जाणारे पॉलिथिन घेऊ नये, कारण त्यात अतिनील शोषणारी द्रव्ये मिसळलेली असू शकतात. 'ब' किरण अडवणारे आच्छादन म्हणजे पॉलिस्टरची पारदर्शक फिल्म, जी साधारण ३१५ नॅनोमीटरच्या खालचे किरण रोखते आणि 'अ' किरण बऱ्याच अंशी जाऊ देते. शास्त्रज्ञही या कामासाठी हीच वापरतात. मोटार वायंडिंगच्या दुकानांत ती मायलर या नावाने मिळते. दुधी रंगाची न घेता पूर्ण पारदर्शक मागावी. ओव्हरहेड प्रोजेक्टरच्या पारदर्शक शीटही बहुतेक पॉलिस्टरच्या असतात, आणि प्रोजेक्टर अडगळीत गेल्यामुळे कित्येक शाळांच्या कपाटांत त्यांचे गठ्ठे पडून आहेत. ए-४ आकाराच्या १६ शीट जोडल्या की बरोबर एक चौरस मीटर होतो.

'अ' आणि 'ब' दोन्ही वगळायचे असतील तर पारदर्शक पॉलिकार्बोनेट घ्यावे, जे सुमारे ३८० नॅनोमीटरपर्यंतचे किरण अडवते. हा तिसरा प्रकार पहिल्या वर्षी नसला तरी चालेल. खिडकीची काच 'ब' किरण बऱ्यापैकी अडवते, पण ती जड असते, तापते आणि मुलांच्या हातात फुटते.

शेडनेटबद्दल मोठा गैरसमज आहे. हिरवी जाळी सगळाच प्रकाश कमी करते. ती अतिनील किरणांची चाळणी नव्हे, नुसती सावली आहे. तिच्यावर किंवा मल्चिंग पेपरवर 'यूव्ही स्टॅबिलाइज्ड' असे छापलेले असते त्याचा अर्थ तो माल उन्हाने लवकर कुजत नाही एवढाच; त्याखालच्या रोपाला किरण लागत नाहीत असा नाही. दुकानदार कधीकधी दुसराच अर्थ सांगतो, तो मनावर घेऊ नये.

फिल्म खरोखर अडवते का, हे काही अंशी घरीच पाहता येते. नोटा तपासण्याचे नळीदिव्याचे यंत्र सुमारे ३६५ नॅनोमीटरचे, म्हणजे 'अ' किरण देते. त्याच्याखाली नोट धरून मध्ये पॉलिकार्बोनेट घातले तर नोटेवरील चमकणारे धागे मंदावतात. पॉलिस्टर घातले तर चमक बहुतांश टिकते, आणि तशीच टिकायला हवी. जांभळा उजेड देणारी छोटी बॅटरी यासाठी चालत नाही, कारण तिचा उजेड बहुधा ३९५ नॅनोमीटरच्या आसपासचा असतो आणि तो पॉलिकार्बोनेटमधूनही पार होतो. 'ब' किरणांची अशी घरगुती परीक्षा नाही. तिथे फिल्म कशाची बनली आहे याची खात्री करून घ्यावी.

येथे एक ताकीद. पाणी शुद्ध करण्याच्या यंत्रातील अतिनील नळी काढून ती रोपांवर लावण्याची कल्पना एखादा हुशार विद्यार्थी हमखास मांडतो. ती कल्पना तत्काळ मोडून काढावी. त्या नळीतून २५४ नॅनोमीटरचे 'क' किरण निघतात, ते डोळ्यांना आणि त्वचेला अपाय करतात. शिवाय ते उन्हात नसतातच, त्यामुळे त्यातून उन्हाबद्दल काहीच कळत नाही.

चौकटी, पेरणी आणि पाणी

बांबूच्या कामट्यांच्या ६० सेंटिमीटर लांब, तेवढ्याच रुंद आणि ४५ सेंटिमीटर उंच अशा सहा चौकटी कराव्यात. तीन पॉलिथिनच्या, तीन पॉलिस्टरच्या. फिल्म वरून आणि चारही बाजूंनी लावावी, मात्र खाली जमिनीपासून दहा सेंटिमीटर जागा हवेसाठी मोकळी ठेवावी. कोणत्या जागी कोणती चौकट हे आपल्या मनाने न ठरवता चिठ्ठ्या टाकून ठरवावे. मनाने ठरवले की चांगली माती नकळत आवडत्या बाजूला जाते. हे प्रामाणिक माणसाकडूनही होते.

दोन्ही आच्छादनांतून येणारा दिसणारा प्रकाश सारखा आहे का, हे मोबाइलवरील प्रकाश मोजणाऱ्या अॅपने माध्यान्ही पाहावे. मोबाइल अतिनील मोजत नाही, पण या तुलनेसाठी पुरेसा आहे. एका बाजूला प्रकाश जास्त असेल तर तिथे पॉलिथिनचा आणखी एक थर द्यावा. प्रत्येक चौकटीत सावलीत धरलेल्या तापमापकाने दुपारी दोन वाजता तापमान घ्यावे आणि फरक एक-दोन अंशांच्या वर गेला तर खालची मोकळी जागा वाढवावी. मार्चमध्ये धूळ फार बसते. आठवड्यातून एकदा सगळ्या फिल्म ओल्या फडक्याने पुसाव्यात, सगळ्या म्हणजे सगळ्या. साधे पॉलिथिन महिन्याभरात कडक होऊन तडकू लागते, तेव्हा ते बदलावे.

पीक म्हणून मूग उत्तम. तो लवकर वाढतो आणि स्वपरागित आहे, त्यामुळे मधमाश्या आल्या नाहीत म्हणून शेंगा कमी लागल्या, अशी शंका राहत नाही. ही शंका काकडीत राहते, कारण कीटकांना अतिनील दिसते आणि फिल्मने त्यांचे येणेजाणे बदलते. पण केवळ पानांची वाढ पाहायची असेल तर काकडी चांगली, कारण ती या किरणांना चटकन प्रतिसाद देते. तांबडा माठ मात्र घेऊ नये. किरणांनी लाली वाढते असे पुस्तकात वाचून मुले त्याच्याकडे वळतात, पण माठाची लाली बीटासारख्या बीटालेन द्रव्यांची आहे आणि पुस्तकात सांगितलेली लाली अँथोसायनिन या वेगळ्याच द्रव्याची असते. मूग-काकडीशिवाय दुसरे काही लावायचेच असेल तर सब्जा लावावा. त्याच्या पानातील सुगंधी तेलाच्या ग्रंथी नीट भरण्यासाठी 'ब' किरण उपयोगी पडतात असे संशोधन आहे, आणि चुरगळलेल्या पानाचा वास घेऊन तुलना करणे लहान मुलांनाही जमते.

तांबडी माती आणि चाळलेले शेणखत एकत्र करून एकाच ढिगातून सगळ्या कुंड्या भराव्यात. बी एकाच पिशवीतले घ्यावे. प्रत्येक चौकटीत दहा बिया टोकून आठवड्याने विरळणी करून पाच रोपे ठेवावीत, आणि फिल्म पेरणीच्या दिवसापासूनच लावावी, कारण कोवळी रोपे सर्वाधिक प्रतिसाद देतात. पाणी मापाने द्यावे. काचेखालच्या मातीचा तो प्रश्न आठवून मी आता दर दोन दिवसांनी बोटभर खोल माती चाचपून सहाही चौकटींची नोंद ठेवतो.

मोजमाप

उंची दर आठवड्याला आणि पेरांमधले अंतर शेवटी मोजावे. पानाचे क्षेत्रफळ आलेख कागदावर पान ठेवून कडेने रेघ ओढून चौकोन मोजून काढावे. जुनी रीत आहे, पण चुकत नाही. यांपेक्षा बोलके माप पानाच्या जाडीचे असते. कार्यालयात कागदाला भोक पाडायचे पंचिंग मशीन साधारण सहा मिलिमीटर व्यासाची चकती कापते. प्रत्येक चौकटीतील सारख्या वयाच्या पानांतून शिरा टाळून अशा १०० चकत्या पाडाव्यात. त्यांचे एकूण क्षेत्रफळ सुमारे २८ चौरस सेंटिमीटर होते. त्या कागदी पाकिटात ठेवून चार दिवस कडक उन्हात वाळवाव्यात आणि मिलिग्रॅमपर्यंत मोजणाऱ्या काट्यावर तोलाव्यात. शाळेत असा काटा क्वचितच असतो. ओळखीच्या सराफाकडे तो असतो. आमच्या भागातले सराफ मुलांना हसत हसत तोलून देतात, फक्त धनत्रयोदशीच्या आसपास जाऊ नये.

चकत्यांचे वजन अधिक म्हणजे त्याच क्षेत्रफळात पान अधिक भरीव. पॉलिथिनखाली, म्हणजे जिथे 'ब' किरण पोहोचतात तिथे, रोपे ठेंगणी आणि पाने अधिक भरीव, तर पॉलिस्टरखाली रोपे उंच आणि पाने मोठी पण पातळ, अशी अपेक्षा ठेवावी. अपेक्षा म्हणजे निकाल नव्हे. माप घेणाऱ्या मुलाला कोणती चौकट कोणत्या फिल्मची आहे हे सांगू नये. चौकटींना नुसते क्रमांक द्यावेत आणि यादी शिक्षकांकडे बंद ठेवावी.

आकडे वाचताना

एका चौकटीतील पाच रोपे म्हणजे पाच पुरावे नव्हेत, कारण त्या पाचही जणांनी एकच हवा, एकच ओल आणि एकच मुंगळ्यांचे वारूळ वाटून घेतलेले असते. म्हणून प्रत्येक चौकटीची सरासरी काढावी आणि सहा सरासऱ्यांचीच तुलना करावी. सहा चौकटींचे तीन-तीनचे गट पाडण्याच्या २० रीती असतात. फिल्मने काहीच फरक पडत नसता, तर पॉलिस्टरच्या तिन्ही चौकटी उंचीत वरच्या तीन क्रमांकांवर नुसत्या योगायोगाने येण्याची शक्यता २० मध्ये एक एवढीच उरते. तसे झाले तर निष्कर्षाला वजन आहे. दोन वर आणि एक खाली असे आले तर पुढच्या वर्षी पुन्हा करावे, आणि तसे तक्त्यावर स्पष्ट लिहावे. फरक आढळला नाही तर तेही लिहावे. तेरामुरांच्या 'विल्यम्स'ची आठवण ठेवावी.

पॉलिस्टरखाली वाढ जास्त दिसली म्हणून अतिनील किरण पिकाचे शत्रू ठरत नाहीत. पान मोठे होते तेव्हा ढालीची द्रव्ये कमी पडतात. अर्जेंटिनात सोयाबीनवरील प्रयोगांत 'ब' किरण वगळलेल्या पिकाची पाने किडींनी अधिक खाल्ल्याचे आढळले आहे. आपल्या चौकटींतही पानांवरची भोके मोजून ठेवावीत. मला हे मोजमाप उंचीइतकेच महत्त्वाचे वाटते, आणि बहुतेक प्रयोगवह्यांत त्यासाठी रकानाच नसतो. त्याच वेळी लक्षात ठेवावे की दुपारी माना टाकणे, पानांच्या कडा करपणे आणि फळांवर उन्हाचे चट्टे पडणे यांत उष्णतेचा व पाण्याच्या ताणाचा वाटा मोठा असतो. प्रत्येक करपलेल्या पानाचे खापर अतिनीलवर फोडू नये.

चौकटींची अदलाबदल, आणि रोपवाटिकेतला उपयोग

चौथ्या आठवड्यानंतर, मोजमाप झाल्यावर, एक पॉलिथिनची आणि एक पॉलिस्टरची फिल्म परस्परांत बदलून पाहावी. जुन्या पानांचा आकार आता बदलणार नाही, पण बदलानंतर उमललेली पाने नव्या उजेडाप्रमाणे घडतात. पॉलिस्टरखालून पॉलिथिनखाली आलेल्या रोपाची नवी पाने जुन्यांपेक्षा लहान आणि जाड आली, तर एकाच रोपाच्या अंगावर दोन्ही प्रकारची पाने शेजारी-शेजारी पाहायला मिळतात. प्रदर्शनात नेण्याजोगे रोप हेच.

मिरची, टोमॅटो आणि कोबीची रोपे पॉलिहाऊसमधून विकत आणून फेब्रुवारी-मार्चमध्ये थेट वाफ्यात लावणाऱ्यांना या अदलाबदलीचा अर्थ लगेच कळतो. ज्या पॉलिहाऊसची फिल्म अतिनील अडवते, तिच्याखाली वाढलेल्या रोपाने ढाल तयारच केलेली नसते. त्यात वारा आणि उष्णता यांचीही सवय नसल्यामुळे उघड्यावर पहिल्याच दुपारी पाने पांढरट पडतात, आणि दोष बियाण्याला किंवा रोपवाटिकेला लागतो. असे रोप आणल्यावर ट्रे आठवडा ते दहा दिवस अंगणात ठेवून त्याला हळूहळू उन्हाची सवय लावावी. पहिले दोन दिवस सकाळी साडेनऊपर्यंतचेच ऊन, मग ते दर दिवशी तासभर वाढवत न्यावे, आणि शेवटचे दोन दिवस ट्रे दिवसभर उघड्यावर राहू द्यावा. या काळात पाणी थोडे कमी, पण रोप सुकणार नाही इतके द्यावे. या दिवसांत ट्रेवर शेडनेट धरण्याची रीत आहे आणि ती चांगली आहे, कारण जाळीतून सगळेच किरण कमी प्रमाणात येतात आणि रोपाला थोडीथोडी तयारी करता येते. पॉलिकार्बोनेटच्या छपराखाली ठेवलेला ट्रे मात्र दहा दिवसांनीही तितकाच कोवळा राहतो. लावण संध्याकाळी चारनंतर, सावली आपल्या उंचीपेक्षा लांब झाल्यावर करावी, आणि ट्रेमधील दोन-तीन रोपे सवय न लावता त्याच सरीत खूण करून लावून ठेवावीत, म्हणजे आठवड्याने फरक आपल्याच डोळ्यांनी पाहता येतो.